झोंबी बघायचे असतील तर ओसाकाला जा, टोकियोच्या शिबुयाला नको

जपानमधल्या ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओ या थीम पार्कमध्ये हॅलोविन हॉरर नाइट्स हा भुताटकीचा खेळ सप्टेंबरातच चालू होतो, म्हणजे इथली मराठी मंडळी गणपतीच्या मोदकांचं ठरवत असतात तेव्हा तिकडे झोंबी रस्त्यावर उतरलेले असतात. उकाडा तर विचारूच नका, टीशर्ट अंगाला चिकटलाय आणि समोरून रक्ताने माखलेला एक जण चेनसॉ घुरघुरवत येतोय.

संध्याकाळचे ६ वाजले की खेळ सुरू. पार्कच्या रस्त्यांवर झोंबी मोकाट सुटतात आणि याचं वेगळं तिकीट नाही, दिवसाच्या पासातच येतं, हे मला सगळ्यात आवडलं. मेकअप जबरदस्त, अगदी जवळून बघितला तरी खोटा वाटत नाही. नेमके पळणाऱ्याच्याच मागे लागतात, पण अंगाला हात लावत नाहीत. किंचाळणाऱ्या कॉलेजच्या पोरी दोन मिनिटांनी त्याच झोंबीसोबत सेल्फी काढत असतात. मग मध्येच गाणं लागतं, झोंबी नाचायला लागतात आणि पब्लिकला स्टेप्स आधीच पाठ! हा नाच बघायला तरी जाच.

गंमत म्हणजे जपानमध्ये भुतांचा सीझन खरा उन्हाळ्याचा. ऑगस्टमध्ये ओबोन असतो, आपल्या पितृपक्षासारखा, पूर्वज घरी येतात म्हणे, त्यामुळे भुताच्या गोष्टी, भुताची घरं सगळं तेव्हाच. हॅलोविन नंतर आलं, टोकियो डिस्नेलँडमधलं हॅलोविन आणि टोकियोजवळच्या कावासाकी शहरातली हॅलोविन परेड दोन्ही १९९७ ला सुरू झालं, आणि लोकांनी त्यातला फक्त वेष बदलण्याचा भाग उचलला. दारोदारी चॉकलेट मागत फिरणारी पोरं फारशी दिसणार नाहीत, शेजाऱ्याला त्रास कसा द्यायचा! बाकी भोपळ्याचं पुडिंग आणि जांभळ्या रताळ्याचे केक हवे तेवढे.

फुकटात हॅलोविन हवं म्हणून शिबुयाला, जिथे वेष बदलून लोक रस्त्यावरच गर्दी करायचे, जायचा विचार असेल तर सोडून द्या. २०१८ मध्ये तिथे गर्दीने एक छोटा ट्रक उलटा केला, मग २०१९ ला हॅलोविनच्या दिवसांत रस्त्यावर दारू प्यायला बंदी आली, २०२३ ला तर महापौरांनीच सांगितलं की हॅलोविनसाठी येऊ नका आणि हाचिको कुत्र्याचा पुतळाही झाकून टाकला. २०२४ पासून वर्षभर संध्याकाळी ६ ते पहाटे ५ रस्त्यावर पिणं बंद. म्हणजे आता तिथे बघायला पोलीसच जास्त. पार्कात तीच हुल्लड पैसे देऊन, नियमात आणि मस्त होते.

पैशांचं म्हणाल तर पास दिवसाप्रमाणे बदलतो, ऑक्टोबरातले वीकेंड महाग आणि तुडुंब, त्यामुळे सप्टेंबरातला मंगळवार-बुधवार गाठा. रांग टाळायचा एक्सप्रेस पास वेगळा घ्यावा लागतो आणि तो कधीकधी मूळ पासापेक्षाही महाग पडतो, नुसते झोंबी बघायचे असतील तर गरज नाही. ओसाका स्टेशनवरून लूप लाइनने निशिकुजो, तिथून युमेसाकी लाइनने युनिव्हर्सल सिटी, पाव तासात पोचता. व्हेज असाल तर पोटभर खाऊनच निघा. लहान पोरं सोबत असतील तर दिवसाच जा, तेव्हा स्नूपी-किटी वगैरे असतात आणि ६ च्या आत बाहेर पडा, नाहीतर झोंबींपेक्षा जास्त ओरडणारं तुमच्याच कडेवर असेल. माझ्याकडून ५ पैकी ४, एक स्टार उकाड्यात गेला.