एक रुपया, एक तोळा: जुन्या नाण्यांची ‘किंमत काढून देणाऱ्या’पासून सावध राहा

नागपुरात महाल, इतवारी, गांधीबाग या जुन्या वस्त्यांतल्या कपाटांमधून आजही राणीछाप रुपये निघतात. कुणाकडे लक्ष्मीपूजनासाठी जपलेले, कुणाकडे आजीला लग्नात मिळालेले. असे रुपये तुमच्या घरी असतील आणि कुणी ‘घरी येऊन फुकटात किंमत काढून देतो’ म्हणत असेल, तर त्याला दारात घेण्याआधी हे वाचा. माझ्या आईला अशा माणसाने लुटलं. त्याने सांगितलेल्या काही गोष्टी खऱ्याही होत्या आणि त्यांच्याच आडून त्याने फसवलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बाबा गेल्यानंतर त्यांचा नाण्यांचा डबा आईकडे होता. चांदीचे चाळीस रुपये, व्हिक्टोरिया राणीपासून पंचम जॉर्जपर्यंतचे. शिवाय १९४० नंतरचे तीन-चार, १९४७चा एक वाघछाप, आणि मूठभर तांब्याच्या शिवराया. इतवारीच्या सराफ्यात ओळखीच्या दुकानातून बाबांनी एकेक करून जमवलेले. प्रत्येक नाण्याचं साल त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. घराच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते, आणि शेजारच्या काकूंनी या माणसाचा नंबर दिला. मी तेव्हा कामासाठी बाहेरगावी होतो.

तो नीटनेटका, आईशी अतिशय आदराने बोलणारा. गळ्यात ओळखपत्र, त्यावर ‘रिझर्व्ह बँक मान्यताप्राप्त’. जुन्या नाण्यांच्या व्यवहाराशी रिझर्व्ह बँकेचा काहीही संबंध नसतो. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की अशा खरेदी-विक्रीत आपल्या वतीने शुल्क किंवा कमिशन घ्यायला कुणालाही अधिकार दिलेला नाही. असं कार्ड दिसलं की बोलणं तिथेच थांबवा.

त्याने खिशातून लोहचुंबक काढलं आणि आधी १९४७चा रुपया उचलला. तो टचकन चिकटला. “बघा काकू, भेसळ.” तो रुपया चिकटणारच, कारण त्या सालचा रुपया निकेलचा आहे आणि निकेल चुंबकाला धरतं. बाकीच्या नाण्यांना त्याने चुंबक लावलंच नाही.

मग १९४४चा रुपया हातात घेऊन म्हणाला, “यात अर्धीच चांदी, सरकारनेच तशी पाडली.” हेही खरं. महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, रुपयातली चांदी पन्नास टक्क्यांवर आणली गेली. पण त्याआधीच्या रुपयाचा टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, ९१.७ टक्के होता. बाबांचे चाळीसही रुपये त्या आधीच्या काळातले. त्याने सगळ्यांना अर्धी चांदी लावली.

आईने वजनकाटा आणायला सांगितलं तर हसून म्हणाला, “काटा कशाला? एक रुपया म्हणजे एक तोळा, तुमच्या सासूबाईंनाही ठाऊक असेल.” आईच्या कानावर हे लहानपणापासून होतं, म्हणून तिला पटलं. पण तो जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा. आज सराफा बाजारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम, आणि त्याने हिशेब दहानेच केला. चाळीस रुपये, चाळीस तोळे, चारशे ग्रॅम, त्यात अर्धी चांदी: दोनशे ग्रॅम.

खरा हिशेब असा: चाळीस गुणिले ११.६६ म्हणजे ४६६ ग्रॅमच्या आसपास, आणि त्यात शुद्ध चांदी सुमारे ४२८ ग्रॅम. झिजेचे काही ग्रॅम सोडा. म्हणजे निव्वळ धातूच्या भावातसुद्धा आईला निम्म्याहून कमी मिळालं.

आणि ती नाणी निव्वळ धातू नव्हती. बाबांच्या वहीत १९११चा रुपया आहे. त्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोकांनी हरकत घेतली, बरीच नाणी परत वितळवली गेली आणि पुढच्या साली चित्र सुधारलं. संग्राहक तो रुपया शोधत फिरतात. आमच्याकडून तो दहा ग्रॅम भेसळीची मोड म्हणून गेला. शिवराया तर त्याने ‘भंगार’ म्हणत तशाच खिशात टाकल्या.

मला सगळ्यात संताप येतो तो पुढच्या भागाचा. ठरलेले पैसेही त्याने पूर्ण दिले नाहीत. अर्ध्या रकमेच्या बदल्यात आईच्या हातात ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेलं, रामदरबाराचं नाणं ठेवलं. “हे लाखांत जाईल, तुमच्यासाठी म्हणून देतो.” तिने ते आधी कपाळाला लावलं. असली राम-सीता-हनुमानाची नाणी कंपनीचं चलन कधीच नव्हती. ती देव्हाऱ्यात ठेवण्यासाठी मागाहून बनवलेली टोकनं आहेत आणि त्यांच्यावर मन मानेल ते साल घातलेलं असतं. आमचं घ्यायचं तेव्हा त्याच्या लेखी सगळी मोड होती, स्वतःचं द्यायचं तेव्हा ते दुर्मिळ झालं. सराफाकडे कॅरेट मीटरवर, म्हणजे धातूची शुद्धता तपासणाऱ्या मशीनवर, टाकलं तर ते वरून मुलामा दिलेलं पितळ निघालं.

पावती म्हणून एक चिठ्ठी आहे: ‘जुनी चांदी’, रक्कम, बस. नाव नाही, नाण्यांची संख्या नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीसाठीच आहे. पण नाणी कोणती होती हे दाखवायला आमच्याकडे फक्त बाबांची वही आहे, फोटो नाहीत. तुमच्या नाण्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो आजच काढा, साल वाचता येईल असे. विकायचीच असतील तर साल पाहून १९४० पूर्वीची वेगळी करा, दुकानातल्या काट्यावर ग्रॅममध्ये वजन करून घ्या, टंच मशीनवर काढायला लावा, आणि किमान दोन नाणे-संग्राहकांना दाखवल्याशिवाय एकही नाणं मोडीत देऊ नका. चिंच, लिंबू लावून घासू तर मुळीच नका, संग्राहकाच्या दृष्टीने घासलेल्या नाण्याचा भाव पडतो.

ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की एकाच पद्धतीच्या आणखी तक्रारी आल्या तर तपासाला जोर येतो. चुंबक, ‘एक रुपया एक तोळा’ आणि शेवटी रामदरबाराचं नाणं, हा क्रम तुमच्या घरी घडला असेल तर रक्कम कितीही लहान असो, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.