ऑनलाइन गाण्याचा क्लास रेकॉर्ड करायला व्हीबी-केबल: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

व्हीबी-केबल, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतच एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्या प्रोग्रामकडे नेणारी आभासी केबल, गेले कितीतरी महिने दर आठवड्याला वापरतेय, त्यामुळे आता नीट लिहिते. माझं काम एकच, गाण्याच्या ऑनलाइन क्लासचा आवाज विंडोज लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचा. शिकवणाऱ्या ताई पुण्यात, मी बंगळुरूला. रेकॉर्डिंगला ताईंनी आधीच हो म्हटलंय, आणि प्लीज हे न विचारता कुणी करू नका, बंदिश कुणापर्यंत जाऊ द्यायची ते शिकवणाऱ्याने ठरवायचं असतं.

आधी हे सांगते की सगळ्यांना याची गरज नाहीये. कॉम्प्युटरवर जे काही वाजतंय ते तसंच्या तसं हवं असेल तर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये होस्टच्या जागी विंडोज वास्पी (WASAPI) निवडा, रेकॉर्डिंग डिव्हाइसच्या यादीत तुमच्या स्पीकरच्या नावापुढे लूपबॅक लिहिलेलं दिसेल ते घ्या, झालं. काहीही इन्स्टॉल करायला नको. पूर्वी यासाठी स्टिरिओ मिक्स वापरायचे, आता बऱ्याच लॅपटॉपवर ते बंद करून ठेवलेलं असतं किंवा नसतंच.

पण लूपबॅकमध्ये सगळंच येतं ना. मेलची टिंग, व्हॉट्सअॅपचा आवाज, मागच्या टॅबमधली जाहिरात. ताई मंद्र निषादावर छान स्थिरावल्यायत आणि मध्येच टिंग, आणि ते एकदा एका ट्रॅकमध्ये मिसळलं की वेगळं काढणं जवळपास अशक्य. मला केबल लागली ती फक्त यासाठी, आणि या एका कामात तिने आजपर्यंत मला निराश केलेलं नाही.

इन्स्टॉल करणं सोपं आहे, झिप आधी पूर्ण उघडायची, मग सेटअप अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचा आणि मशीन रीस्टार्ट करायचं. त्यानंतर प्लेबॅकच्या यादीत केबल इनपुट आणि रेकॉर्डिंगच्या यादीत केबल आउटपुट असं दिसायला लागतं. सुरुवातीला हे उलटं वाटतं, पण केबलच्या बाजूने बघितलं की कळतं, तिच्यात आवाज सोडायचं तोंड ते इनपुट आणि जिथून तो बाहेर पडतो ते आउटपुट. मी काय करते, तर मीटिंगच्या अॅपमध्ये फक्त स्पीकर म्हणून केबल इनपुट निवडते आणि ऑडॅसिटीत माइकच्या जागी केबल आउटपुट. विंडोजचा डिफॉल्ट स्पीकर आहे तोच ठेवते. म्हणजे टिंगटिंग सगळी हेडफोनमध्ये जाते, रेकॉर्डिंगमध्ये फक्त ताई. एखाद्या अॅपमध्ये स्पीकर निवडायची सोय नसेल तर विंडोज 11 च्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये प्रत्येक अॅपचं आउटपुट वेगळं करता येतं, विंडोज 10 मध्येपण 2018 च्या एप्रिल अपडेटपासून ही सोय आहे.

आता केबलमध्ये गेलेला आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही, आणि इथेच बरेच जण घाबरून सगळं काढून टाकतात. साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये रेकॉर्डिंग टॅब, केबल आउटपुटच्या प्रॉपर्टीज, त्यात लिसन नावाचा टॅब, तिथे टिक करायची आणि खाली आपला हेडफोन निवडायचा. ऐकायला किंचित उशिरा येतं. क्लासमध्ये इंटरनेटचा उशीर आधीच असतो, त्यामुळे गुरूबरोबर एकत्र गाणं तसंही जमत नाही, आपण ऐकून मागून म्हणतो, तेव्हा मला त्याचा त्रास झाला नाही. व्हिडिओला आवाज जुळवायचा असेल त्यांना मात्र जाणवू शकेल. आणि केबल इनपुटचा व्हॉल्यूम 100 वरच राहू द्या, ऐकायला मोठं वाटलं तर हेडफोनचा कमी करा, नाहीतर रेकॉर्डिंगच बारीक होतं.

सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे, हा भाग गाणाऱ्यांनी तरी मन लावून करावा. केबल इनपुट, केबल आउटपुट आणि ऑडॅसिटीचा प्रोजेक्ट, तिन्हीकडे 48000 करा. वेगवेगळे असले तरी बहुतेक वेळा विंडोज मधल्यामध्ये रूपांतर करून घेतं, पण ते होताना कुठे खरखर कुठे टिकटिक येऊ शकते. आणि 44100 ची फाइल कुठल्या प्रोग्रामने रूपांतर न करता 48000 ची समजून वाजवली तर सूर पेटीच्या साधारण दीड पट्टीइतका चढतो, म्हणजे काळी एकचा सा पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लागतो, आणि लयपण वाढते. त्यावर रियाज केला तर काय होईल सांगायला नको.

यापेक्षाही मोठी गोष्ट केबलच्या बाहेरची आहे. मीटिंगची सॉफ्टवेअरं बोलण्यासाठी बनलेली, त्यांच्या नॉइज सप्रेशनला तानपुऱ्याचा सलग नाद पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ते तो दाबून टाकतं, लांब लावलेला आकारसुद्धा मध्येच विरतो. केबल जे येईल तेच पुढे देते, गेलेला तानपुरा ती परत आणू शकत नाही. झूममध्ये यासाठी संगीतवाल्यांकरता ओरिजिनल साउंड नावाची सेटिंग आहे, ती ताईंच्या बाजूला चालू असायला हवी, आपल्या बाजूला करून ताईंचा आवाज सुधारत नाही. ताईंना फोनवर समजावून सांगितलं आणि त्या दिवसापासून तानपुरा जवारीसकट, म्हणजे त्याच्या खास झंकारासकट, ऐकू यायला लागला, मला इतका आनंद झाला!

ब्लूटूथ हेडसेटवाल्यांसाठी एक चांगली बातमी. त्याचा माइक चालू झाला की बऱ्याच हेडसेटमध्ये आवाज फोन कॉलसारखा पातळ होतो, पण रेकॉर्डिंग केबलमधून होत असल्याने हेडफोनमध्ये काहीही ऐकू आलं तरी फाइल चांगलीच राहते.

स्वतःचा आवाजपण वेगळा हवा असेल तर ऑडॅसिटी एका वेळी एकाच डिव्हाइसवरून घेते, त्यामुळे मी परीक्षेच्या आधी ओबीएस हा दुसरा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम वापरते, तिथे 6 ऑडिओ ट्रॅक मिळतात, ताई एकावर मी दुसऱ्यावर. आणि खरं सांगायचं तर ओबीएसमध्ये 2022 च्या 28 व्या आवृत्तीपासून विंडोजवर एकाच अॅपचा आवाज थेट घेता येतो, केबलशिवाय. आज कुणी नव्याने सुरू करणार असेल तर आधी ते करून बघा. मी केबलवरच आहे कारण मला थेट ऑडॅसिटीत लाटा बघत रेकॉर्ड करायचं असतं आणि क्लास संपल्या संपल्या तानांचे तुकडे कापून, सूर न बदलता लय कमी करून ठेवायचे असतात.

जागेचं बघा, 48000, 16 बिट, स्टिरिओ म्हणजे तासाला जवळपास 690 एमबी, ऑडॅसिटी मुळात 32 बिटमध्ये ठेवते त्यामुळे काम चालू असताना त्याच्या दुप्पट. मी फ्लॅकमध्ये साठवते, त्यात दर्जा न घालवता फाइल लहान होते.

नवीन हेडफोन लावला किंवा मोठं अपडेट झालं की विंडोजमध्ये डिव्हाइसची निवड बदलू शकते, म्हणून क्लासच्या आधी ताईंना "नमस्कार" म्हणायला लावून ऑडॅसिटीत लाट हलतेय का ते बघतेच. मॅकवाल्यांनी ब्लॅकहोल ही अशीच आभासी केबल बघा, तेही फुकट आहे, फक्त आवाज केबल आणि हेडफोन दोन्हीकडे जावा म्हणून मल्टी-आउटपुट डिव्हाइस केल्यावर कीबोर्डवरून व्हॉल्यूम बदलत नाही. लिनक्सवर पल्सऑडिओ किंवा पाइपवायरमध्ये मॉनिटर, म्हणजे वाजणारा आवाज रेकॉर्ड करायची सोय, आधीच असतो, वेगळं काही लागत नाही.

एक केबल फुकट आहे, वाटलं तर देणगी द्या, जास्तीच्या केबल हव्या असतील तर पैसे भरावे लागतात. मला एकीच्या पुढे कधी लागली नाही. देणगी मात्र मी दिली, एवढ्या बंदिशी हाताशी आल्यावर ती द्यावीशी वाटलीच.