'हँड ऑफ द किंग'ची पिन: दिसायला भारी, सुई मात्र फालतू

गेम ऑफ थ्रोन्समधली राजाच्या हँडची (म्हणजे त्याच्या मुख्य प्रधानाची) पिन ऑनलाईन मागवली होती, म्हणजे रेप्लिका. पुढे स्पॉयलर आहेत, पण सीरीज 2019 ला संपलीये त्यामुळे आता तक्रार चालणार नाही.

गोल कडं आणि त्यावर पंजा, बोटांची पेरंसुद्धा नीट उठलीयेत, वजनही बऱ्यापैकी. फोटोत होती तशीच आली हे आधीच सांगतो. घोळ मागच्या सुईचा आहे. टी-शर्टवर लावली की पिन मान टाकते, कॉटनच्या कुर्त्याला तर चक्क भोक पडलं, आणि घाम लागून कडेचं सोनेरी पॉलिश काळवंडायला लागलंय. विकणाऱ्याला मेसेज टाकला, उत्तर आलं "जॅकेटवर लावा". पुण्यात मे महिन्यात जॅकेट, बरं.

तरी ठेवून घेतली, कारण प्रॉप म्हणून डिझाईन जाम आवडतं. पुस्तकात हँडच्या गळ्यात सोन्याच्या पंजांची साखळी असते, सीरीजवाल्यांनी तिची पिन केली आणि माझ्या मते ती जास्त बरोबर बसते. अख्ख्या राज्याचा कारभार ह्या माणसाकडे, राजा नसला की सिंहासनावर बसून न्यायनिवाडा हाच करणार, राहायला स्वतंत्र टॉवर, पण राजाची मर्जी फिरली की एका सेकंदात छातीवरून निघणार. सीरीजच्या सुरुवातीला नेड स्टार्क बिचारा हँडच्या पदावर येतो तर तिजोरीवर 60 लाख सोन्याच्या नाण्यांचं कर्ज, त्यातलं निम्मं एकट्या टायविन लॅनिस्टर ह्या बड्या सरदाराचं, आणि वर ह्याच्याच नावाने टूर्नामेंट ठरलेली, जिंकणाऱ्याला 40 हजार! ह्याने मागितलीपण नव्हती. पुढे डेनेरिसला (आधीच्या राजघराण्यातली मुलगी) मारायच्या राजाच्या हुकुमावरून भांडण होतं, हा पिन काढून टेबलावर ठेवतो, आणि थोड्याच वेळात राजा ती परत त्याच्याच गळ्यात मारतो.

मला तर वाटतं ते पद मुळात पोकळच आहे, ज्याच्याकडे स्वतःचा पैसा आणि सैन्य त्यालाच ते पेलतं. पुढे टायविन हँड झाला तेव्हा त्याच्यासमोर जॉफ्री राजा असून गप्प बसायचा, आणि नेडने शहराच्या शिपायांवर भरवसा टाकला तर ते आधीच फितवलेले. आपल्याकडे शाहू महाराजांनी 1713 ला बाळाजी विश्वनाथांना पेशवाई दिली, 1720 ला बाजीरावांना, आणि मग पद त्याच घराण्यात राहिलं कारण फौज आणि वसुली हातात होती, हळूहळू सगळी सूत्रं साताऱ्याहून पुण्यात आली. तिकडे हँडचं पद असं एका घराण्यात मुरलंच नाही. ह्या पदाच्या वॉरंटीचं तर विचारूच नका, नेडच्या आधीचा हँड जॉन ॲरिनला विष, नेडचं मुंडकं, टायविनला संडासात बाण (तोही पोटच्या पोराकडून), त्याचा भाऊ केव्हन हँड असताना स्फोटात खलास. पुस्तकातला सेप्टन (म्हणजे पुजारी) बार्थ, लोहाराचा पोरगा, तो मात्र वर्षानुवर्षं टिकला, पण त्याला राजाच शहाणा मिळाला होता ना.

असो, पिनला 5 पैकी 3 स्टार, एक स्टार सुईचा कापला, एक पॉलिशचा. गिफ्ट द्यायला किंवा शोकेसमध्ये ठेवायला मस्त, रोज वापरायची असेल तर घेऊच नका. घेतलीच तर सोनाराकडून मागे जाड सुई बसवून घ्या, मी तेच करणारे. आणि फुल किमतीला नको, सेल लागू द्या.