ड्रिलनंतर काय लावावे: रीमर की बोरिंग बार?

ड्रिलने पाडलेले भोक मापात आणण्यासाठी रीमर (भोक किंचित मोठे आणि गुळगुळीत करणारे अनेक धारांचे टूल) लावावा की बोरिंग बार (टोकाला एक कापणारी धार असलेला दांडा), हे भोकात दोष कोणता आहे त्यावर ठरवावे. रीमर आधीच्या भोकाच्या वाटेनेच जातो. ड्रिल भरकटून भोक तिरके झाले असेल किंवा केंद्रापासून सरकले असेल, तर तेच वाकडे भोक तो गुळगुळीत करून देतो. बोरिंग बारची एकच धार मशीनच्या अक्षाला धरून कापत असल्यामुळे भोकाची जागा आणि सरळपणा दोन्ही सुधारता येतात.

जागा बरोबर असेल, तर मात्र एकाच मापाच्या अनेक भोकांसाठी रीमरला तोड नाही. २० मिमीच्या भोकाला एच७ टॉलरन्स (मापात चालणारा फरक) असेल, तर माप २०.००० ते २०.०२१ मिमीच्या आतच राहावे लागते आणि चांगला रीमर ते एका फेरीत देतो. त्यासाठी व्यासात सुमारे ०.२ ते ०.३ मिमी माल शिल्लक ठेवावा. फार कमी ठेवल्यास रीमर कापण्याऐवजी नुसता घासतो आणि त्याची धार लवकर जाते, ही चूक काटकसरीच्या नावाखाली वारंवार होते. वेग ड्रिलच्या साधारण निम्मा आणि फीड (टूल पुढे सरकण्याचा दर) ड्रिलपेक्षा जास्त ठेवावा. बाहेर काढतानाही रीमर उलटा फिरवू नये. धारेमागे चिप (कापलेल्या धातूचा कीस) अडकते आणि नुकत्याच चकचकीत झालेल्या भिंतीवर ओरखडा उमटतो.

रीमर प्रत्येक मापाला वेगळा लागतो, तर एकाच बोरिंग बारने अनेक व्यास करता येतात. त्याची दुखरी बाजू म्हणजे लांबी. होल्डरबाहेरची लांबी दुप्पट केली, की तेवढ्याच जोराने बार आठपट वाकतो. म्हणून स्टीलचा बार आपल्या व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढू नये. शेवटच्या कटानंतर टूल न हलवता पुन्हा एकदा चालवून पाहावे: बारीक चिप निघालीच, तर आधीच्या फेरीत बार किती दबला होता ते डोळ्यांनी दिसते.

ओतकामातच सोडलेले भोक मोठे करायचे असेल, तर तीन किंवा चार धारांचा कोअर ड्रिल घ्यावा. साधा दोन धारांचा ड्रिल तिथे अडकून झटका देतो. जागा आणि माप दोन्ही काटेकोर हवे असतील, तर आधी बोरिंग करून शेवटचे ०.२ मिमी रीमरला द्यावेत. वेळ जास्त जातो, पण जॉब बाद होत नाही.