कॅन्सर-इम्युनॉलॉजीतलं संशोधन: एमबीबीएस करून जावं की एमएस्सी-पीएचडी करून?

“मला कॅन्सरवर संशोधन करायचंय” असं बारावीतल्या मुलानं म्हटलं की घरातून ठरलेलं उत्तर येतं: मग आधी डॉक्टर हो. हा सल्ला चूक नाही, पण अर्धाच आहे. कॅन्सर-संशोधक कमल रणदिवे यांच्या वडिलांनाही मुलीनं डॉक्टरच व्हावं असं वाटत होतं. कमल यांनी मात्र फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, मुंबईत पीएचडी केली आणि पुढे परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर (शरीराबाहेर पेशी वाढवण्याची) प्रयोगशाळा उभी केली. पण ज्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएचडी केली ते डॉ. वसंत रामजी खानोलकर वैद्यकातले, पॅथॉलॉजिस्ट होते. म्हणजे दोन्ही वाटांची माणसं परळला अगदी सुरुवातीपासून एकत्र काम करत आली आहेत.

मान कोणत्या वाटेला जास्त, या वादात फार वेळ घालवू नका. इम्युनोथेरपीसाठी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचारासाठी, २०१८चं नोबेल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना मिळालं. ॲलिसन निव्वळ पीएचडी, होंजो वैद्यकाचं शिक्षण घेतलेले. २०२५च्या नोबेल विजेत्यांत शिमोन साकागुची हे वैद्यकातून आलेले, तर मेरी ब्रंकोव आणि फ्रेड रॅम्सडेल पीएचडीवाले. त्यातही या दोघांनी नोबेलचं ते काम विद्यापीठात नव्हे, एका कंपनीत केलं होतं.

खरा फरक आहे तो तुमच्यासमोर रोज कुठला प्रश्न येतो यात.

टाटा मेमोरियलमधलं उदाहरण घ्या. निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक सोडवणारं औषध नेहमीच्या मात्रेत दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांना ते परवडत नाही. डोकं-मानेच्या कॅन्सरच्या बऱ्या न होणाऱ्या रुग्णांमध्ये तिथल्या डॉक्टरांनी तोंडानं घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला फक्त २० मिलिग्रॅम, तेही दर तीन आठवड्यांनी, देऊन पाहिलं. एक वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण निव्होलुमॅबशिवाय १६.३ टक्के होतं, ते या गटात ४३.४ टक्के निघालं. “कमी दिलं तर चालेल का?” हा प्रश्न प्रयोगशाळेत बसून सहसा सुचत नाही. बिल बघून उठून जाणारे नातेवाईक ज्यानं ओपीडीत रोज पाहिलेत, त्याला तो सुचतो.

आता दुसरी बाजू. ब्रंकोव आणि रॅम्सडेल यांच्याकडे उंदरांची एक जात होती. त्यातल्या नरांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर तुटून पडायची आणि ते काही आठवड्यांत मरायचे. बिघाड एक्स गुणसूत्रावर आहे एवढं ठाऊक होतं. शोधत शोधत त्यांनी संशयित जनुकं विसावर आणली आणि एकेक तपासत गेले. बिघाड सापडला तो विसाव्यात! त्या जनुकाला त्यांनी फॉक्सपी३ नाव दिलं आणि २००१मध्ये ते काम छापून आलं. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी याच जनुकावर चालतात, म्हणून आज ट्यूमर प्रतिकारशक्तीला कसा चकवतो हे समजून घेताना या जनुकाला वगळून चालत नाही. एकोणीस वेळा “नाही” ऐकून विसाव्यांदा पिपेट उचलायचं, हा स्वभावाचा भाग आहे. तो असेल तर पीएचडीची वाट तुमची. नसेल तर नेट-जेआरएफ या संशोधनवृत्तीच्या परीक्षेतला रँक कितीही वर असू दे, तिसऱ्या वर्षी जीव नकोसा होतो.

वर्षांच्या हिशेबात दोन्ही वाटा जवळपास सारख्याच लांब आहेत. एमबीबीएसची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, तीन वर्षं एमडी, त्यावर मेडिकल ऑन्कॉलॉजीचं डीएम आणखी तीन. नीटसाठी वाया घालवलेली वर्षं (ड्रॉप) आणि बाँडची सक्तीची सरकारी सेवा वेगळी. शास्त्राच्या बाजूला पदवी आणि एमएस्सी मिळून पाच, पीएचडीची पाच-सहा, पुढे पोस्टडॉक, बहुधा परदेशात. दोघंही तिशी ओलांडल्यावरच स्वतःच्या पायावर उभे राहतात.

पैशाचं मात्र सारखं नाही. जेआरएफला १ जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं, दोन वर्षांनी ४२,०००. सरकारी कॉलेजातल्या निवासी डॉक्टरला सहसा याहून बरंच जास्त मिळतं. शिवाय संशोधन जमलं नाही तर डॉक्टरला दवाखाना आहे. पीएचडीवाल्याला तसा आधार नाही. त्यानं बायोटेक कंपन्या, क्लिनिकल ट्रायल चालवणाऱ्या संस्था किंवा शिकवणं हे पर्याय आधीपासून डोक्यात ठेवलेले बरे.

पण डॉक्टरच्या वाटेतली मेख घरचे सांगत नाहीत: वेळ. गर्दीच्या रुग्णालयात संशोधन होतं ते रात्री आणि रविवारी. एमडीचा प्रबंध म्हणजे संशोधनाचा अनुभव असं समजू नका. जुन्या फायली चाळून तो पदवीपुरता उरकणारे ढीगभर असतात. आठवड्यातले दोन दिवस संशोधनासाठी राखून देणाऱ्या जागा देशात मोजक्याच आहेत, आणि प्रॅक्टिस एकदा बसली की ती सोडून उंदरांच्या पिंजऱ्यांकडे कोण वळणार?

पीएचडीवाल्याची अडचण निराळी. ट्यूमरचा तुकडा सर्जननं दिला तर मिळतो, आणि बरेचदा तो संध्याकाळी साडेपाचला येतो. पेशी जिवंत हव्या असतील तर त्या रात्रीच वेगळ्या करायच्या, मग पेशी मोजून ओळखणाऱ्या फ्लो सायटोमीटर यंत्राचा स्लॉट मिळेल तेव्हा तपासायच्या. आणि ज्या रुग्णाच्या पेशी, त्याचं पुढे काय झालं हे विचारायलाही परवानगी लागते.

म्हणून मोठं काम जोडीनं होतं. भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून त्यांना कॅन्सरवर सोडायचं) नेक्सकार१९ आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेत घडली, रुग्णांमध्ये तपासली टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी. ऑक्टोबर २०२३मध्ये तिला मंजुरी मिळाली. एकट्या बाजूला हे जमलं नसतं.

माझं मत विचाराल तर असं. सरकारी कॉलेजात एमबीबीएस मिळत असेल आणि माणसांत बसायला आवडत असेल, तर तेच घ्या. एमबीबीएसवाल्याला सीएसआयआर-नेट देऊन पीएचडीकडे वळता येतं. पीएचडीवाल्याला रुग्ण तपासायचे तर पुन्हा नीटपासून सुरुवात. पण निव्वळ संशोधनाच्या ओढीनं नीटसाठी तिसरा ड्रॉप घेणं, किंवा खासगी कॉलेजची फी भरायला जमीन विकणं, याला काही अर्थ नाही. तीच वर्षं आयसर या विज्ञानशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेत किंवा चांगल्या एमएस्सीत घाला.

पीएचडीच ठरली तर खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) आणि पुण्याचं एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) ही दोन नावं आधी येतात. ॲक्ट्रेकच्या आवारातच रुग्णालय आहे, त्यामुळे रुग्णांच्या नमुन्यांवर काम करायचं असेल तर ते बरं. पेशीच्या आत काय चालतं याची ओढ असेल तर विद्यापीठाच्या आवारातलं एनसीसीएस.

आणि हे सगळं ठरवण्याआधी दोन महिने आत जाऊन पाहा. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्ती आहे, बीएस्सी-एमएस्सीवाल्यांना उन्हाळी प्रकल्प मिळतात. तिथं गाइडला विचारा, तुमचे मागचे पाच विद्यार्थी आता कुठे आहेत. संशोधन करणारा डॉक्टर भेटला तर त्याला विचारा, आठवड्यातले किती तास तुम्ही ओपीडीबाहेर असता.