पाच मिलिमीटरची टोपी

मी काही गाडीवेडा माणूस नाही. 2013 ची सेकंडहँड स्विफ्ट, हबकॅप कुठेकुठे पडून पोलादी चाकं केविलवाणी दिसायला लागलेली, आणि बोनसचे पैसे हातात. एवढ्यावर मी पुण्यातल्या एका टायर-अलॉयच्या दुकानात शिरलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार एकाच दुकानात चालतो असा कुणाचा समज व्हायला नको.

पंधरा इंची, साडेसहा इंच रुंद अलॉय आणि टायर पसंत पडले. "सर, डायरेक्ट फिट. पीसीडी मॅच आहे." हे वाक्य खरं होतं, आणि फसवणूक त्यातच होती. पीसीडी म्हणजे नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. स्विफ्टला चार भोकं, 100 मिलिमीटर. ते जुळलं की चाक गाडीवर चढतं. पण चढणं वेगळं आणि बसणं वेगळं. माझी मूळ चाकं पाच इंच रुंद. रुंदी दीड इंचाने वाढली आणि ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून ते हबला टेकतं त्या पृष्ठभागाचं अंतर, तोच राहिला, तर चाकाची आतली कड 19 मिलिमीटर आत सरकते. हे गणित मला नंतर कळलं. दुकानदाराला आधीच माहीत असणार, कारण पुढचं औषध त्याच्या ड्रॉवरमध्ये तयार होतं.

दुकानातून बाहेर काढून पहिलं वळण घेतलं तेव्हाच पुढून घासल्याचा आवाज आला. परत फिरलो. मुलाने वाकून टॉर्च मारला आणि म्हणाला, टायर शॉकअब्सॉर्बरला लागतोय. दुकानदाराने जराही न बिचकता ड्रॉवर उघडला. "पाच एमएमचे स्पेसर टाकू. हबसेंट्रिक आहेत, फोर्ज्ड, एकदम हेवी. जोडी अठराशे." स्पेसर म्हणजे चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग) यांच्यामध्ये घालायची चकती. मी घासाघीस करून पंधराशेवर आणली आणि खूश झालो. चुकीचं चाक विकल्याबद्दल त्याने मला पैसे परत द्यायला हवे होते. उलट त्याच चुकीवरचं ठिगळ मी विकत घेतलं, तेही आपण सौदा जिंकला असं समजून.

दोन दिवसांनी हायवेला लागलो तर 75 ते 90 च्या दरम्यान स्टेअरिंग थरथरायला लागलं. दुकानात गेलो. बॅलन्सिंग केलं, चारशे घेतले. तरी तेच. पुन्हा बॅलन्सिंग, पुन्हा चारशे. मशीनवर दोन्ही वेळा शून्य-शून्य. दुकानदार मशीनकडे बोट दाखवून म्हणाला, "बघा सर, आमच्या बाजूने क्लिअर आहे. रस्ते खराब आहेत." यातली मेख अशी की बॅलन्सिंग मशीन चाकाला मधल्या भोकात शंकू घालून बरोबर मध्यावर पकडतं. गाडीवर ते मध्यावर बसतंय की नाही, हे त्या मशीनला कसं कळणार?

पुढच्या शनिवारी साताऱ्याला निघालो. बायको आणि आई मागे. शिरवळच्या अलीकडे उजव्या पुढच्या चाकातून टक-टक-टक सुरू झालं, वेगाबरोबर वाढणारं. खंबाटकीचा घाट समोर होता. आई म्हणाली, "आधी थांब, मग बघ काय ते." थांबलो. पंक्चरवाल्याने पाना लावायच्या आधी सहज म्हणून नट चिमटीत धरला, तर तो बोटांनी फिरला. त्याने माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही, दुसऱ्या नटाला हात घातला. तोही सैल. तिसरा घट्ट निघाला. चौथा मात्र पान्यावर उभं राहूनही हलेना, आणि शेवटी हलला तो स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो बोल्ट, तोडूनच. "साहेब, घाट उतरताना चाक पुढे गेलं असतं," एवढंच म्हणाला. डिकीतलं स्टेपनीचं पोलादी चाक आणि नशिबाने ठेवलेले मूळ नट लावले, तिथल्याच गॅरेजात नवीन स्टड बसवला. दिवस गेला.

घरी आल्यावर ते स्पेसर आणि तुटका स्टड घेऊन मी शेजारच्या काकांकडे गेलो. त्यांचं भोसरीत लेथ मशीन आहे, तीस वर्षं लोखंड कापतायत. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि स्पेसर खिडकीशी धरला. "फोर्ज्ड म्हणाला? अरे, हे ठोकून घडवलेलं नाही, साधं ओतलेलं कास्टिंग आहे. हे बघ." कडेला टाचणीच्या डोक्याएवढी तीन-चार छिद्रं होती, ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवा अडकून राहिलेल्या पोकळ्या. व्हर्नियर लावला: एका बाजूला जाडी 4.8, समोरच्या बाजूला 5.2. म्हणजे चाक हबवर सपाट टेकतच नव्हतं. मग मधलं भोक मोजलं. स्विफ्टच्या हबचा उंचवटा 54.1 चा. स्पेसरचं भोक साठाच्या वर. हबसेंट्रिक म्हणजे हे भोक हबवर नेमकं, चपखल बसायला हवं, तरच चाक मध्यावर येतं. हा तर दहा गाड्यांना चालावा म्हणून भोकं लांबट कापलेला सार्वजनिक माल. शिवाय पाच मिलिमीटरने हबचा उंचवटा इतका खाल्ला की अलॉयचं मोठं भोक हबला जुळवणारी प्लास्टिकची हब रिंग टेकायला जागाच उरली नाही. सगळा भार नटांवर.

आणि नटांची कथा तर अजूनच वाईट. स्विफ्टच्या स्टडचे आटे 12 बाय 1.25 चे: जाडी 12 मिलिमीटर, दर फेऱ्याला 1.25 मिलिमीटर. म्हणजे 5 मिलिमीटरचा स्पेसर टाकला की नटाचे सरळ चार फेरे जातात. अलॉयचं बूडही पोलादी चाकापेक्षा जाड. काकांचा हिशेब साधा: स्टड बारा मिलिमीटरचा, तर नटाने निदान तेवढी लांबी पकडली पाहिजे, म्हणजे नऊ-दहा फेरे. माझे भरत होते साडेपाच. तुटलेल्या स्टडवरचा नट तर चक्क 1.5 च्या आट्यांचा निघाला, होंडा-ह्युंदाईला लागतो तो. दुकानात एक कमी पडला असेल, दुसऱ्या डब्यातला घेतला असेल. असा नट हाताने दोन फेरे जातो आणि अडतो. अडल्यावर थांबायचं असतं. त्या मुलाने वाऱ्याची गन लावली.

मी दुकानात जाऊन सगळं टेबलावर मांडलं. उत्तर: "तुम्ही खड्ड्यात आपटली असेल." बिल काढलं तर त्यावर 'व्हील ॲक्सेसरीज, 1 सेट' एवढंच. स्पेसर, फोर्ज्ड, हबसेंट्रिक, एकही शब्द नाही. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो बिलावर काय लिहिलंय हाच.

आणि आपलीही बाजू तशी लंगडीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत मूळ नोंदीविरुद्ध बदल करता येत नाहीत, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, आणि 182अ खाली असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हे मला तक्रारीची तयारी करताना कळलं. दुकानात लावलेल्या एवढ्या चकचकीत फोटोंच्या भिंतीवर ते कुठेच नव्हतं.

तरीही कुणी अलॉय घेणारच असेल, तर पीसीडी जुळते ऐकून मान डोलावू नका. रुंदी, ऑफसेट आणि मधलं भोक हे तिन्ही आकडे बिलावर लिहून मागा. सगळे नट आधी हाताने शेवटपर्यंत फिरवायला लावा, फेरे मोजा, आणि मग टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळायला सांगा. गन हातात घेतली की त्याला थांबवा, वाईट दिसलं तरी. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. आणि नवीन चाक घासतंय म्हणून कुणी ड्रॉवर उघडला, तर चाकं उतरवून पैसे मागा.

माझे चारही अलॉय सध्या गच्चीवर, टाकीशेजारी आहेत. विकायला काढले होते. फोन करणाऱ्याला मी आधी घासण्याचं सांगतो, मग तो परत फोन करत नाही. गेल्या आठवड्यात एकच गिऱ्हाईक मिळालं, न बघता सहा हजार द्यायला तयार. नंबर ओळखीचा वाटला म्हणून पाहिलं, तर त्याच दुकानाचा.