हाताला आली ती तरवडाची नुसती फांदी

जुळे सोलापुरात आमचं घर. पुढं वीस बाय तीसची मोकळी जागा, खाली चिकट काळी माती आणि नळाला चार दिवसांआड पाणी. लॉनचे लाड परवडणारे नव्हतेच. जवळच्या नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी बघायला गेलो होतो. माळढोक दिसला नाही, पण पिवळाधमक तरवड आणि वाऱ्यावर हलणारं कुसळीचं गवत मनात बसलं. तशीच माळावर आपसूक जगणारी बहुवर्षायू झाडं लावायची ठरवली.

ओळखीतून एक जण आला. तरवड, शतावरी, निर्गुडी, कोरांटी, सगळी नावं तोंडपाठ. तिथंच मी विरघळलो. ४२ हजारांत काम ठरलं. फेब्रुवारीच्या शेवटी दोन दिवसांत लावणी उरकून पैसे रोख घेऊन गेला, पावती नाही. असली झाडं मृगाच्या पावसावर लावायची असतात, एवढंही मला तेव्हा सुचलं नाही.

एप्रिलात बहुतेक सगळं वाळलं. फोन केला तर म्हणाला, "काका, माळावरची झाडं उन्हाळ्यात झोपतात. पाऊस पडू द्या, बघा कशी फुटतात." आता हे धादांत खोटं असतं तर मी भांडलो असतो. पण शतावरीचा वेल वाळतो आणि जमिनीतल्या मुळ्यांवरून पावसाळ्यात पुन्हा फुटतो, गवताचंही तसंच, हे मलाही ठाऊक होतं. बायको म्हणत होती, "अहो, जरा उकरून तरी बघा." नाही ऐकलं.

जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले. शेजारचा रिकामा प्लॉट हिरवागार, आमच्याकडं काड्याच. शेवटी एक तरवड धरून ओढला. अलगद वर आला. मुळं नाहीतच! टोकाला कोयत्याचा तिरका छाट. माळावरच्या फांद्या तोडून आणून नुसत्या खोचल्या होत्या, एकेकीचे १८० रुपये लावून. निर्गुडीला मुळं होती, पण काळ्या पिशवीसकट पुरलेली. आतल्या आत गोल गुंडाळून मेलेली. शतावरीच्या जागी खणलं तर मुळ्यांचा घोस कुठंच नाही. त्याचा फोन तेव्हापासून बंद.

तुमच्याकडं कुणी लावणीला आलं तर खड्ड्याशी उभे राहा, पिशवी फाडलेली डोळ्यांनी बघा. वाळल्यासारख्या फांदीवर नख ओढा. आत हिरवं असेल तर जीव आहे. शतावरी मात्र उकरूनच बघावी लागते. आणि निम्मे पैसे पहिला पाऊस होऊन फुटवा दिसेपर्यंत देऊ नका.

मी आता तरवडाचं बी भिजवून पिशव्यांत टाकलंय. बावीसपैकी नऊ उगवलीत.